सेनेचा धनी कोण? नेपाळमधील राजा, सरकार आणि सैन्य



नेपाळ म्हटले की पशुपतिनाथाचे मंदिर, हिमालयाची शिखरे आणि कमरेला खुकरी लावलेला गोरखा सैनिक ही तीन चित्रे आपल्या मनात उभी राहतात. तेथील राजसिंहासन २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी रद्द केले, तेव्हा आपल्याकडील पुष्कळ घरांत हळहळ व्यक्त झाली. ही हळहळ स्वाभाविकच होती. परंतु तिच्या ओघात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. दोन शतकांहून अधिक काळ ज्या सेनेच्या नावात 'गोरखा' आणि 'शाही' हे शब्द मानाने मिरवले, ती सेना त्या दिवशी कोठे होती? ११ जून २००८ रोजी राजे ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाड्यातून बाहेर पडले. त्यांच्या बाजूने सेनेची एकही गोळी सुटली नाही. आणि याच सेनेने त्यापूर्वी अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत, राजाच्या एका शब्दावर, देशाच्या पंतप्रधानांना त्यांच्याच घरात कोंडले होते!

हा विरोधाभास उलगडायचा तर थोडे मागे जावे लागेल.

नेपाळची सेना म्हणजे मुळात गोरखा या लहानशा राज्याची सेना. पृथ्वीनारायण शहा यांनी तिच्या बळावर १७६८-६९ मध्ये काठमांडू खोरे जिंकले आणि आजच्या नेपाळचा पाया घातला. म्हणजे तेथे आधी राष्ट्र आणि मग त्याची सेना असा क्रम नाही. आधी राजा आणि त्याची सेना, आणि त्या दोघांनी मिळून घडविलेले राष्ट्र, असा क्रम आहे. सेनाधिकाऱ्यांच्या मनात 'राजा म्हणजेच देश' हे समीकरण बसले, त्याचे मूळ येथे सापडते. ते केवळ खुशामतीतून आलेले नव्हते.

मात्र या राजनिष्ठेची परंपरा अखंड होती असे जे सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही. सप्टेंबर १८४६ मध्ये कोत हत्याकांड घडले. दरबारातील मातब्बर सरदार एका रात्रीत कापले गेले आणि जंगबहादुर सर्वसत्ताधीश झाला. त्यानंतर १९५१ पर्यंत राजा सिंहासनावर आणि सत्ता राणांच्या घरात, अशी व्यवस्था चालली. सातारची गादी आणि पुण्याची सत्ता ज्यांनी इतिहासात वाचली आहे, त्यांना हे चित्र समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की, येथे राजा जवळजवळ नजरकैदेत होता. (१८५७ नंतर नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबीयांना काठमांडूत आसरा देणारा हाच जंगबहादुर. आणि लखनौ जिंकण्यासाठी इंग्रजांच्या मदतीला स्वतः फौज घेऊन जाणाराही तोच!) या शंभरहून अधिक वर्षांत सेना राजाची आज्ञा पाळत नव्हती, राणांची पाळत होती. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन यांना राणांच्या पकडीतून सुटण्यासाठी काठमांडूतील भारतीय दूतावासात आश्रय घ्यावा लागला. राणांनी त्यांचा मागे राहिलेला तीन वर्षांचा नातू गादीवर बसविला. राजाच्या सेनेने राजाला परत आणले नाही आणि या बालराजाला विरोधही केला नाही. तो बालक म्हणजेच पुढचे राजे ज्ञानेंद्र. आयुष्यात दोनदा राजा होण्याचा योग फार थोड्यांच्या कुंडलीत असतो.

फेब्रुवारी १९५१ मध्ये त्रिभुवन परतले आणि सेनेचा खरा ताबा प्रथमच सिंहासनाकडे आला. त्याच घोषणेत त्यांनी जनतेला लोकशाहीचे वचनही दिले होते. एकाच क्षणी दोन वारस जन्माला आले, राजा आणि प्रजा. तलवार मात्र एकच होती.

त्या तलवारीचा पहिला वापर १५ डिसेंबर १९६० रोजी झाला. आदल्या वर्षी झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या होत्या आणि विश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले होते. दोन तृतीयांश बहुमताचे सरकार! काठमांडूत एका युवक मेळाव्यात पंतप्रधान व्यासपीठावर असताना सेनेची तुकडी आली आणि त्यांना घेऊन गेली. राजे महेंद्र यांची तशी आज्ञा होती. कोइरालांना पुढची आठ वर्षे सुंदरीजलच्या सैनिकी बंदिवासात काढावी लागली. देशाचा लोकनियुक्त पंतप्रधान आपल्याच देशाच्या सेनेचा कैदी झाला आणि सेनेतील एकाही अधिकाऱ्याला त्यात काही विपरीत वाटले नसावे, कारण त्यांच्या दृष्टीने धन्याने कारभाऱ्याला काढून टाकले होते. याहून अधिक काही घडले नव्हते.

महेंद्र कर्तृत्ववान होते, दूरदृष्टीचे होते, नेपाळच्या स्वतंत्र अस्तित्वाविषयी कमालीचे जागरूक होते. हे सारे खरे. पण त्या दिवशी त्यांनी जो पायंडा पाडला, त्याची किंमत पंचेचाळीस वर्षांनी त्यांच्याच पुत्राने मोजली.

१९९० च्या जनआंदोलनानंतर राजे वीरेंद्र यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली. नवे संविधान तयार होत असताना सेनेचे वरिष्ठ अधिकारी हंगामी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई यांना भेटले आणि सेना राजाच्याच अधिपत्याखाली राहावी असा आग्रह त्यांनी धरला. ९ नोव्हेंबर १९९० रोजी जे संविधान आले, त्यात या आग्रहाची सावली स्पष्ट दिसते. राजा हा सेनेचा 'परमाधिपती'. सेनेचा वापर तो करणार राष्ट्रीय संरक्षण परिषदेच्या शिफारशीवरून. परिषदेत सदस्य तीनच : पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि प्रधान सेनापती. प्रधान सेनापतीची नेमणूक राजा करणार, पण पंतप्रधानांच्या शिफारशीने.

कागदावर पाहिले तर व्यवस्था वाईट नव्हती. आपल्या राज्यघटनेतही सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. इंग्लंडमधील सैनिक आजही राजाच्या नावाने शपथ घेतो. मग नेपाळात अडले कोठे? अडले ते राजा आणि बराक यांच्यामधील वाटेवर. आपल्याकडे राष्ट्रपतींची आज्ञा म्हणजे मंत्रिमंडळाची आज्ञा, तिला दुसरी वाट नाही. इंग्लंडमध्ये तर १६८९ पासून पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात खडी फौज ठेवताच येत नाही. गंमत अशी की, तेथील नौदल आणि हवाईदल यांच्या नावात 'रॉयल' आहे, पण भूदल हे नुसतेच 'ब्रिटिश आर्मी' आहे. नेपाळात मात्र पंतप्रधानांच्या कचेरीतून जाणारी एक वाट संविधानाने काढली आणि राजवाड्यातील सैनिक सचिवालयातून जाणारी दुसरी जुनी वाट तशीच राहू दिली. बढत्या, बदल्या, नेमणुका यांचे धागे या दुसऱ्या वाटेवर होते. कोणत्या कचेरीत आपले भवितव्य ठरते, हे ओळखायला अधिकाऱ्याला संविधान वाचावे लागत नाही.

राजकीय पक्षांचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. त्या दशकातील पंतप्रधानांनी संरक्षण खाते बहुधा स्वतःकडेच ठेवले. त्यामुळे तीन जणांची परिषद व्यवहारात दोघांची झाली, एक पंतप्रधान आणि दुसरा सेनापती. संरक्षण मंत्रालय म्हणजे केवळ टपाल पुढे पाठविणारी कचेरी. सरकारे वर्षा-दीड वर्षाने पडत होती, खासदारांची फोडाफोडी आणि भ्रष्टाचाराच्या कथा वर्तमानपत्रांतून रोज झळकत होत्या. अशा नेत्यांसाठी आपले जवान का मरावेत, असा प्रश्न जंगी अड्ड्यात, म्हणजे सेनेच्या मुख्यालयात, विचारला जात असेल तर नवल नाही. सेनेवरील अधिकार संविधानातील कलमाने मिळतो, पण तो वापरण्याची कुवत रोजच्या परिश्रमाने कमवावी लागते. ते परिश्रम कोणी घेतले नाहीत.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी सशस्त्र उठाव सुरू केला. रोल्पा, रुकुम या दुर्गम पहाडी जिल्ह्यांतील चौक्यांवर हल्ले होऊ लागले. त्यांना तोंड दिले पोलिसांनी, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन. सप्टेंबर २००० मध्ये डोल्पा जिल्ह्याचे ठाणे असलेल्या दुनै येथे हल्ला झाला. चौदा पोलीस मारले गेले, बँक लुटली गेली. सेनेची तुकडी फार दूर नव्हती, पण ती आली नाही. गृहमंत्री गोविंदराज जोशी यांनी राजीनामा दिला. एप्रिल २००१ मध्ये रुकुमकोट आणि नौमुले येथे मिळून सुमारे सत्तर पोलीस ठार झाले. पहाडातल्या गरीब घरांतली ही मुले. त्यांच्यामागेही म्हातारे आई-वडील होते, लहान मुले होती. देशात सुमारे पन्नास हजारांची सुसज्ज सेना असताना ते मरत होते, कारण ती सेना कोणाच्या आज्ञेने बाहेर पडणार याचा निर्णय होत नव्हता.

सेनेचीही एक बाजू होती. आणीबाणीची घोषणा, कायद्याचा स्पष्ट आधार आणि सर्व पक्षांचे एकमत असल्यावाचून स्वतःच्या जनतेवर शस्त्र उगारायचे नाही, ही तिची भूमिका. ही भूमिका सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही; कोणताही जबाबदार सेनापती तशी काळजी घेईल. पण सरकारने आज्ञा दिल्यावर अटी घालायच्या आणि राजाने आज्ञा दिल्यावर टाच जुळवायची, हा भेद व्यावसायिक सावधगिरीत बसत नाही.

मग सरकारने काय करावे? गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या सरकारने २००१ मध्ये 'सशस्त्र प्रहरी बल' नावाचे नवे निमलष्करी दल उभारायला घेतले. आपली सेना आपले ऐकत नाही म्हणून लोकनियुक्त सरकारने दुसरे सशस्त्र दल काढावे, याहून त्या व्यवस्थेच्या अपयशाचा वेगळा पुरावा शोधायला नको. या दलाचे पहिले प्रमुख कृष्णमोहन श्रेष्ठ यांची जानेवारी २००३ मध्ये सकाळी फिरायला गेले असताना माओवाद्यांनी हत्या केली.

१ जून २००१ च्या रात्री नारायणहिटीत जे घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. वीरेंद्र आणि त्यांचे सारे कुटुंब संपले, ज्ञानेंद्र राजे झाले. पुढच्याच महिन्यात रोल्पातील होलेरी येथून माओवाद्यांनी सुमारे सत्तर पोलिसांना ओलीस धरून नेले. कोइरालांनी सेना पाठविली. ती हेलिकॉप्टरने गेलीही. वेढा पडल्याच्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात लढाई झालीच नाही. १९ जुलै २००१ रोजी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. १९६० मध्ये सेनेने पंतप्रधानाला पकडून घालविले होते. या वेळी पकडण्याची गरजही पडली नाही, नुसते स्वस्थ बसणे पुरेसे ठरले.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला माओवाद्यांनी दाङ जिल्ह्यात घोराहीच्या सैनिकी बराकीवरच हल्ला केला. तीन दिवसांत आणीबाणी लागू झाली आणि सेना पूर्ण बळाने रणात उतरली. पाच वर्षे पोलीस मरत होते, तेव्हा ते सरकारचे युद्ध होते. सैनिक मेले, तेव्हा ते देशाचे युद्ध झाले.

४ ऑक्टोबर २००२ रोजी ज्ञानेंद्रांनी पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांना अकार्यक्षम ठरवून काढले. मग दोन पंतप्रधान स्वतःच नेमले, पुन्हा देउबांना आणले आणि १ फेब्रुवारी २००५ रोजी सर्व सत्ता आपल्या हाती घेतली. त्या सकाळी दूरध्वनी बंद होते. नेत्यांच्या घरांभोवती पहारे होते. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सेनेचे अधिकारी उद्याचा अंक वाचत बसले होते. राजांच्या मंत्रिमंडळाच्या उपाध्यक्षपदी तुलसी गिरी आले. १९६० नंतर महेंद्रांच्या मंत्रिमंडळातही हेच गृहस्थ होते. वडिलांचे पुस्तक पुत्राने जसेच्या तसे उघडले. काळाचे पान मात्र उलटले होते.

येथे स्पेनची आठवण येते. तेथेही १९७८ च्या संविधानाने राजाला सेनेचे सर्वोच्च आधिपत्य दिले आहे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल तेजेरो सुमारे दोनशे सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला, सारे खासदार ओलीस धरले. व्हॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. बंडखोरांचा भरवसा राजावर होता. राजे हुआन कार्लोस हे फ्रँकोने निवडलेले वारस, सैनिकी शाळांत वाढलेले. राजांनी रात्रभर एकेका प्रांताच्या सेनापतीला दूरध्वनी केला आणि मध्यरात्रीनंतर सेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले की, सिंहासन संविधानाच्या बाजूने उभे आहे. बंड कोसळले. सैनिकांची निष्ठा तेथेही राजावरच होती. राजाने ती उचलून संसदेच्या पायाशी ठेवली आणि आपले सिंहासन बळकट केले. याउलट थायलंडमध्ये जुलै २००६ मध्ये, निवृत्त सेनापती आणि राजाच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख प्रेम तिनसुलानोंद यांनी सैनिकी छात्रांना सांगितले की, सेना हा घोडा, सरकार हा केवळ स्वार, मालक वेगळा : देश आणि राजा. दोन महिन्यांनी, १९ सप्टेंबर २००६ रोजी, घोड्याने स्वाराला खाली पाडले.

ज्ञानेंद्रांपुढे दोन्ही वाटा होत्या. त्यांनी सेनेची संख्या वाढविली. ती नव्वद हजारांच्या घरात गेली. पण युद्ध जिंकता आले नाही. भारताने शस्त्रपुरवठा थांबविला. एकीकडे माओवादी आणि दुसरीकडे संसदीय पक्ष असे राजाचे दोन विरोधक होते आणि ते एकमेकांचे वैरी होते. राजाने दोघांवरही एकच काठी उगारली. नोव्हेंबर २००५ मध्ये ते दिल्लीत बारा कलमी समझोत्याने एकत्र आले. ज्यांनी पोलिसांचे मुडदे पाडले, त्यांना राजनैतिक प्रतिष्ठा मिळाली, आणि ती मिळवून देण्यात १ फेब्रुवारीच्या निर्णयाचा वाटा सर्वांत मोठा होता. हिंदू राजाविषयी आत्मीयता बाळगणाऱ्यांनाही हे नाकारता येणार नाही.

एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवस काठमांडूच्या चक्राकार रस्त्यावर माणसांचा पूर लोटला. सेना बराकीतून पूर्ण ताकदीने बाहेर पडली नाही. शिपायाची आई-बहीण त्या गर्दीत असू शकत होती. २४ एप्रिलच्या रात्री राजाने संसद पुन्हा जिवंत केली आणि १८ मे रोजी त्याच संसदेने त्याचे परमाधिपत्य काढून घेतले. 'शाही नेपाली सेना' एका घोषणेने 'नेपाली सेना' झाली. त्याच घोषणेत हिंदू राष्ट्र ही ओळखही पुसली गेली, तीही जनतेला न विचारता. सेनेच्या प्रश्नात जिंकलेले धर्माच्या प्रश्नातही आपोआप जिंकले. दोन्ही गोष्टी एकाच सिंहासनाला बांधल्या गेल्या होत्या.

सेनेने मात्र शिस्तीने नवा बिल्ला लावला. पण निष्ठेचा प्रश्न बिल्ल्याने सुटला नाही, हे लवकरच दिसले. ओखलढुंगाच्या एका सामान्य घरातील रुक्मांगद कटवाल या हुशार मुलाला राजे महेंद्रांनी शिकविले होते. तेच प्रजासत्ताकात सेनाप्रमुख होते. पंतप्रधान होते प्रचंड, म्हणजे कालचे बंडखोर. माओवादी लढवय्यांना सेनेत घेण्यावरून आणि भरतीवरून दोघांत ठिणग्या उडाल्या आणि ३ मे २००९ रोजी प्रचंड यांनी कटवालांना पदच्युत केले. मित्रपक्ष बैठकीतून निघून गेले. त्याच रात्री राष्ट्रपती रामबरण यादव यांनी कटवालांना पदावर राहण्याचे पत्र धाडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांचा राजीनामा! सेना एका पक्षाच्या हाती जाता जाता वाचली, असे म्हणून अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि त्यात तथ्यही होते. तथापि लोकनियुक्त पंतप्रधानाचा शब्द पुन्हा एकदा जंगी अड्ड्याच्या दारात थांबला, हेही तितकेच खरे. कटवालांनंतर छत्रमानसिंह गुरुंग सेनाप्रमुख झाले. अखेर सुमारे चौदाशे माओवादी लढवय्ये सेनेत सामावले गेले आणि २०१५ च्या संविधानाने परमाधिपत्य राष्ट्रपतींकडे, तेही मंत्रिपरिषदेच्या शिफारशीने, असे निश्चित केले.

सप्टेंबर २०२५ मध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. ८ सप्टेंबरला तरुणांच्या निदर्शनांवर गोळीबार झाला, एकोणीस जण मृत्यू पावले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन आणि सिंहदरबार जळाले. त्या रात्री देशात सरकार नव्हते, सेना होती. सेनाप्रमुख अशोकराज सिग्देल दूरचित्रवाणीवर आले तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर पृथ्वीनारायण शहा यांची तसबीर होती आणि काठमांडूत तिची चर्चा भाषणाहून अधिक झाली. राजा परत येणार काय, असे लोक एकमेकांना विचारू लागले. तरुणांचे प्रतिनिधी बोलणी करायला गेले तेही जंगी अड्ड्यातच. १९६० किंवा २००५ ची पुनरावृत्ती करायची असती, तर त्या चार दिवसांत अडविणारे कोणीही नव्हते. १२ सप्टेंबर रोजी राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांना हंगामी पंतप्रधानपदाची शपथ दिली, ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली आणि संचारबंदी उठल्यावर सैनिक रस्त्यांवरून परतू लागले. ती तसबीर भिंतीवर तशीच होती.